बांधीव जर्नल्स रद्दीत चालली आहेत. जाऊ द्यावीत का?

जुनी_बांधणी

मंडळी, एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. परवा जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. आमच्या कॉलेजच्या पोटमाळ्यावर विज्ञानाच्या जर्नल्सचे जे बांधीव खंड आहेत त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढून टाकणं, मंजूर झालं. साधारण चार हजार खंड. त्या जागी गुबगुबीत खुर्च्या आणि चार्जिंगचे पॉइंट असलेली 'डिजिटल अभ्यासिका' होणार. रद्दीवाला वजनकाटा घेऊन येऊन गेला. गुळगुळीत कागदाला भाव कमी मिळेल, असंही सांगून गेला.

मी इलेक्ट्रॉनिक जर्नल्सच्या विरोधात कधीच नव्हतो. कॉलेजांना ई-जर्नल्स पुरवणाऱ्या एन-लिस्ट योजनेचे पासवर्ड प्राध्यापकांना वाटत मीच हिंडलोय, आणि निम्म्यांनी ते दुसऱ्या दिवशी हरवले हेही मलाच ठाऊक. छापील अंकाचे हाल काय असतात ते माझ्याइतकं कोणी भोगलं नसेल. परदेशी अंक बोटीने यायचे. मार्चचा अंक जूनमध्ये. आलेला प्रत्येक अंक नोंदवायच्या कार्डांच्या, म्हणजे कार्डेक्सच्या, ट्रेमध्ये एखादा चौकोन रिकामा दिसला की एजंटाला पत्र, मग स्मरणपत्र, मग 'अंक संपला आहे' असं उत्तर. वर्ष संपलं की बारा अंक बायंडरकडे. तो दोन महिने म्हणून न्यायचा आणि सहा महिन्यांनी आणायचा, आणि नेमक्या त्याच सहा महिन्यांत कोणाला तरी तेच वर्ष हवं असायचं.

तरीही एक गोष्ट सांगतो. १९९१ च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. वर्गणी डॉलरमध्ये, अनुदान रुपयांत. समितीने बसून एका दुपारी चौदा जर्नल्स बंद केली. वाईट वाटलं, पण १९९० पर्यंतचे खंड रॅकवरच राहिले. ते कोणी परत न्यायला आलं नाही. आज वर्गणी थांबली तर काय होतं? पुष्कळ करारांत मागच्या वर्षांसकट दार बंद. आपण पूर्वी विकत घेत होतो, आता भाड्याने राहतो, आणि भाडेकरू झाल्याच्या आनंदात स्वतःचं घर रद्दीत घालतो आहोत.

माझा प्रश्न एवढाच आहे. वाचायला स्क्रीन ठेवा, पण जे विकत घेतलेलं आहे ते कशासाठी टाकायचं?

---

किहीमकर मास्तर

काका, आदर ठेवून पूर्ण असहमत.

तुमचं घर होतं म्हणून तुम्हाला भाडेकरू झाल्याचं दुःख. आम्ही फुटपाथवर होतो. मी अलिबाग तालुक्यात शिकवतो. सलीम अलींनी सुगरणींची घरटी किहीमला बसून पाहिली. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि मादी आधी घरटं पसंत करते, मग नराला, हे त्यांनी इथे टिपलं. तो निबंध १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. माझ्या कॉलेजपासून किहीम दहा-बारा किलोमीटर. मी एमएस्सी होईपर्यंत तो निबंध फक्त ऐकून होतो. मुंबईला जायचं, ओळखपत्र दाखवायचं, आत सोडतील का ते बघायचं, झेरॉक्सची रांग, आणि शेवटची लाँच चुकली की मुक्काम.

मग एका रात्री बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर तो सापडला. फुकट. मोबाइलवर. ज्या वाडीतल्या पक्ष्यांबद्दल तो लिहिला आहे त्या परिसरातल्या माणसाला तो वाचायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली, आणि ती कमी केली ती स्कॅनरने, कुठल्याही ग्रंथपालाने नव्हे. (तुमच्यावर व्यक्तिगत रोख नाही.)

चार हजार खंड एकतीस वर्षांत किती जणांनी उघडले? देवघेवीच्या नोंदी असतीलच तुमच्याकडे. आकडा टाका.

---

पेठेतला पंडित

'डिजिटल अभ्यासिका' म्हणजे वायफाय फुकट असलेली झोपण्याची जागा, हे एकदा नमूद करून पुढे जातो.

मास्तरांनी हातचलाखी केली आहे. त्यांना मिळाला तो १९३१ चा जुना निबंध, खुल्या संग्रहातून. धागा आहे वर्गणीच्या जर्नल्सबद्दल. आज एखाद्या बड्या प्रकाशकाचा चालू अंक त्यांच्या मोबाइलवर उघडून दाखवावा. तिथे चाळीसएक डॉलरची पाटी येईल, एका लेखाला. मुंबईची लाँच स्वस्त होती.

दुसरं. जेम्स इव्हान्स या समाजशास्त्रज्ञाने २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये तीन कोटी चाळीस लाख लेखांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की जर्नल्स जसजशी ऑनलाइन आली तसतसे संशोधकांचे संदर्भ अधिक ताज्या आणि कमी लेखांवर एकवटत गेले. कारण उघड आहे. शोधखिडकीत दोन शब्द टाकायचे, पहिल्या पानावर जे येईल ते उचलायचं. सगळे तेच उचलतात, म्हणून ते आणखी वर येतं.

---

बंगळूरचा मुरांबा

पंडितजी, इव्हान्सचा पेपर आणलात तर त्याचं उत्तरही आणा. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या गटाने १९०० पासूनच्या संदर्भांचा हिशोब मांडून बरोबर उलट दाखवलं होतं: संदर्भ पसरत चाललेत, एकवटत नाहीत. आता गंमत बघा, तुम्हाला पहिलाच पेपर आठवला, कारण तोच सगळीकडे उद्धृत होतो. म्हणजे इव्हान्स चुकला असेल, पण तुमच्यापुरता बरोबर आहे. :)

मी भौतिकशास्त्रवाला. आमच्याकडे हा वाद १९९१ मध्येच संपला. तुमच्या चौदा जर्नल्सवर फुली पडली त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, लॉस अलामोसला पॉल गिन्सपार्गने छापून येण्याआधीचे निबंध वाटायला ईमेलचा एक सर्व्हर चालू केला. तोच आजचा 'आर्काइव्ह'. त्याआधी काय होतं? प्रिन्स्टनमध्ये लिहिलेल्या निबंधाची प्रत आधी तिथल्या मित्रांना, मग युरोपला, आणि आपल्याकडे शेवटी, बोटीतून. छापील अंक येईपर्यंत त्या विषयातलं लोणी कोणीतरी खाऊन गेलेलं असायचं. आता पुण्यातला पोरगा आणि प्रिन्स्टनमधला प्राध्यापक एकाच सकाळी एकच यादी वाचतात. हा फरक कागदाच्या वासाने भरून निघत नाही.

आपल्या घरचं उदाहरण देतो. ऑगस्ट २००२, आयआयटी कानपूर. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल, नितीन सक्सेना. एखादी संख्या मूळ आहे की नाही ते झटपट आणि खात्रीने ठरवण्याची रीत. नऊ पानं. संस्थेच्या साइटवर टाकली, काही गणितज्ञांना ईमेल केली, आणि काही दिवसांत जगभर ती तपासून मान्य झाली. 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आलं २००४ मध्ये. तोवर लोकांनी त्यात सुधारणा करून पुढचे पेपर लिहिले होते. म्हणजे छापील अंक हा बारशाचा कागद, जन्म केव्हाच झालेला.

---

जुनी_बांधणी

मास्तर, आकडा मागितलात, देतो. शेवटच्या दहा वर्षांत बांधीव खंडांची नोंद वर्षाला साठ-सत्तरच्या वर गेली नाही. लपवून काय करू? पण जर्नल घरी द्यायची पद्धत नव्हती, लोक तिथेच उभ्याने वाचायचे आणि खंड टेबलावर सोडून जायचे. संध्याकाळी टेबलावरून उचललेले आम्ही मोजत नसू. मोजायला हवे होते.

लाँचची गोष्ट मात्र लागली. खरी आहे. पण टपालाने जर्नल फिरवण्याची युक्तीही आपल्याच इथली. व्ही. रामस्वामी अय्यरांनी १९०७ मध्ये गणिताच्या शिक्षकांची संस्था काढली, आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, ती मुळी परदेशी जर्नल्स एकट्याला परवडत नाहीत म्हणून. वर्गणी गोळा करायची, अंक पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात ठेवायचे आणि तिथून सभासदांना पोस्टाने पाठवायचे. रामानुजनचा पहिला निबंध १९११ मध्ये छापला तो याच संस्थेच्या जर्नलने. एका गावातला अंक दुसऱ्या गावात जायचा आणि तिसऱ्यात वाचला जायचा. आजच्या करारात तुमच्या पासवर्डवर शेजारच्या कॉलेजला एक पान दाखवणंसुद्धा नियमबाह्य ठरू शकतं.

---

डॉ_कृष्णाकाठ

मी डॉक्टर. थोडक्यात लिहितो, ओपीडी आहे.

गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफिल्डचा लेख 'लॅन्सेट'मध्ये फेब्रुवारी १९९८ ला आला. फेब्रुवारी २०१० मध्ये मागे घेतला. आज ऑनलाइन उघडलात तर पानापानावर मोठ्या अक्षरांत 'मागे घेतला' असं दिसतं. मी शिकलो त्या कॉलेजच्या ग्रंथालयात १९९८ चा खंड आहे. त्यात तो लेख जसाच्या तसा आहे. वर एक चिठ्ठीही नाही. बारा वर्षांनंतरच्या अंकात आलेली नोटीस त्या पानापर्यंत चालत कशी जाणार?

वैद्यकात जुना कागद नुसता निरुपयोगी नसतो, धोक्याचा असतो. माझं मत: रद्दी.

जाता जाता: केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून आहे आणि ऑनलाइन सगळं मोफत. मिरजेत बसून मला ते मिळतं, त्याला कोणाचा पासवर्ड लागत नाही. भांडायचं तर हे सगळ्यांना का जमत नाही यावर भांडा. कागद की स्क्रीन हा प्रश्नच मला गौण वाटतो.

---

पेठेतला पंडित

डॉक्टरसाहेब, जे पान शिक्का मारण्यासाठी बदलता येतं ते गुपचूपही बदलता येतं. आज तुम्ही वाचलेला परिच्छेद उद्या तिथे नसेल आणि तुम्हाला वाटेल आपलीच चूक झाली. छापलेल्या खंडाचं तसं करायला चोराला शंभर ग्रंथालयं फोडावी लागतील.

---

पालीवाली

उशिरा आले, पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे. मी सह्याद्रीतल्या पाली आणि सरड्यांवर काम करते. पंडितकाकांचा शेवटचा मुद्दा आमच्या क्षेत्रात कायदा होता.

प्राण्याला नवं शास्त्रीय नाव द्यायचं तर ते कागदावर छापून प्रसिद्ध व्हावंच लागे. नुसतं वेबसाइटवर टाकलेलं नाव नाव नव्हे. २००९ मध्ये 'प्लॉस वन' या निव्वळ ऑनलाइन जर्नलमध्ये डार्विनियस नावाच्या जीवाश्माचं वर्णन आलं. जगभर बातम्या झाल्या, पण नियमाने ते नाव अजून 'अस्तित्वात'च नव्हतं. मग त्यांनी घाईघाईने पन्नास प्रती छापल्या, तेव्हा कुठे ते रुजू झालं. वनस्पतीवाल्यांनी ही अट १ जानेवारी २०१२ पासून सैल केली, आमच्या प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. आता ऑनलाइन चालतं, पण झूबँक या प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते आणि लेख कुठल्या संग्रहात जतन होणार ते सांगावं लागतं. म्हणजे ज्यांना अडीचशे वर्षांमागचं पान रोज लागतं, त्यांनी स्क्रीन स्वीकारली ती सगळ्यांत शेवटी आणि अटी घालून.

मी मात्र रोज स्क्रीनवरच वाचते. मास्तर म्हणतात ती साइट नसती तर माझी पीएचडी झाली नसती. एकोणिसाव्या शतकातली वर्णनं लंडनला न जाता वाचता आली.

पण एक अडचण कोणाच्या डोक्यात येत नाही. दोन माणसांनी एकाच पालीला दोन नावं दिली तर आधीचं टिकतं. 'आधी' म्हणजे अंक खरोखर बाहेर पडला ती तारीख. खंडावर छापलेलं वर्ष खोटं असू शकतं, कारण 'डिसेंबर'चा अंक पुढच्या एप्रिलमध्ये निघायचा. खरी तारीख बरेचदा सुट्या अंकाच्या कव्हरवरच असते. आणि बायंडर पहिलं काम काय करायचा? कव्हरं आणि जाहिराती फाडून टाकायचा! ज्या प्रतीवरून स्कॅन झालं तिचीच कव्हरं गेली असतील तर जगातल्या सगळ्या स्क्रीनवर ती गेली.

जुनी_बांधणी काका, तुम्ही कव्हरं ठेवत होतात का?

---

बंगळूरचा मुरांबा

पालीवालीताई, भारी मुद्दा, हे माहीत नव्हतं.

पंडितजींच्या 'शंभर ग्रंथालयं' वर: संगणकवाल्यांनीही तेच केलं आहे. स्टॅनफर्डचा 'लॉक्स' नावाचा प्रकल्प आहे, नावाचा अर्थच 'भरपूर प्रती ठेवा म्हणजे माल सुरक्षित राहतो'. बऱ्याच ग्रंथालयांतले संगणक एकाच लेखाच्या प्रती ठेवतात आणि एकमेकांशी ताडून बघतात. एकाची प्रत बिघडली तर बाकीच्यांवरून दुरुस्त. त्यामुळे 'कागद टिकतो, बाइट उडतात' हे अर्धसत्य. कागदाला वाळवी आहे, कसर आहे, आणि २६ जुलैचा पाऊस आहे.

उरलेलं अर्धं सत्य मीच सांगतो, नाहीतर पंडितजी सांगतील. २०२४ मध्ये मार्टिन ईव्ह यांनी सत्तर लाखांहून जास्त डीओआय, म्हणजे ऑनलाइन लेखांचे कायमचे ओळख-क्रमांक, तपासले. साधारण २८ टक्के लेख कुठल्याच मोठ्या जतन-संग्रहात सापडले नाहीत. बड्या प्रकाशकांचं नीट ठेवलेलं असतं. मरतात ती छोटी: विद्यापीठाचं जर्नल, एका उत्साही संपादकावर चाललेलं. संपादक निवृत्त, डोमेनचे पैसे कोणी भरले नाहीत, आणि एका सकाळी त्या पत्त्यावर ऑनलाइन रमीची जाहिरात. दोन हजारनंतरच्या वीस वर्षांत अशी पावणेदोनशे खुली जर्नल्स इंटरनेटवरून पुसली गेल्याचंही एका अभ्यासात आलं होतं.

तर काकांनी पोटमाळ्यावर जीव लावू नये. 'नेचर'चे जुने खंड गेले तर जगाचं काही जात नाही, ते हजार ठिकाणी आहेत. आपल्याकडची गावठी, पातळ पिवळ्या कव्हरची जर्नल्स बघा.

---

किहीमकर मास्तर

पंडितांनी चालू अंक उघडून दाखवायचं आव्हान दिलं होतं, तेवढं राहिलं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं, म्हणजे देशभरच्या सरकारी संस्थांसाठी मिळून एकच वर्गणी. तीन वर्षांना सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार जर्नल्स, ६,३०० वर संस्था, १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षक. भागून पाहिलं. माणशी वर्षाला अकराशे रुपये. गडचिरोलीच्या सरकारी कॉलेजातल्या पोरीला तेरा हजार जर्नल्स अकराशे रुपयांत. तुमच्या फर्ग्युसनच्या पोस्टाने ते शंभर वर्षांत झालं नसतं.

आता प्रामाणिकपणे: आमची संस्था खासगी. पहिल्या टप्प्यात आम्ही नाही. म्हणजे लाँच अजून चुकतेच आहे, फक्त धक्का बदलला. शिवाय हे पैसे कुठे जातात तेही दिसतं. बरंचसं संशोधन सरकारच्या पगारावर होतं, लेख फुकट तपासून द्यायचे आपणच, आणि वाचायचे पैसेही आपणच द्यायचे. छापायचा, बांधायचा, बोटीत चढवायचा खर्च वाचला, तो ग्राहकाला परत मिळाला का? मिळाला नाही. उलट 'सगळ्यांना मोफत वाचता येईल असं छापा' म्हटलं तर 'नेचर'ने २०२० मध्ये एका लेखाचे साडेनऊ हजार युरो दर जाहीर केले. माझा वर्षाचा पगार बघावा लागेल.

तरी माझं मत तेच. कागद गेला म्हणून हे झालं नाही. कागद होता तेव्हाही मालक तेच होते, आणि तुमच्या चौदा जर्नल्सवर फुली मारायला त्यांनीच लावली.

---

जुनी_बांधणी

पालीवाली, तुमचा प्रश्न वाचून खुर्चीतून उठलो.

बहुतेक जर्नल्सची कव्हरं आम्ही फाडत होतो. शिस्तच तशी होती: खंड जाड होऊ नये, बायंडर जाडीवर पैसे घ्यायचा. माझ्याच हाताने टोपल्या भरल्या आहेत. पण बॉम्बे नॅचरल हिस्टरीच्या खंडांची कव्हरं ठेवली, शेवटी एकत्र शिवून. प्राणिशास्त्राचे एक विभागप्रमुख होते, ते हट्ट धरायचे. का ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ते चिडके होते म्हणून मी विचारलं नाही. आज कळलं.

मास्तर आणि मुरांबा, तुमचं निम्मं मान्य. डॉक्टरांचंही मान्य, वैद्यकाचे खंड मी स्वतः काढून देईन. केमिकल अ‍ॅबस्ट्रॅक्ट्सचे (रसायनशास्त्रातल्या लेखांच्या सारांशांचे) जाडजूड खंड मी वीस वर्षं पुसले, ते छापणाऱ्यांनी स्वतःच २०१० पासून छापणं बंद केलं, त्यांच्यासाठी मी रडत नाही. पण या चार हजारांत कुठलं हजार ठिकाणी आहे आणि कुठलं फक्त इथेच, हे कोणी बघितलेलं नाही. यादीत नुसतं लिहिलंय: 'कालबाह्य नियतकालिके, नग ४,०००'.

---

पालीवाली

काका, शिवलेली कव्हरं??? कुठली वर्षं? रद्दीवाला कधी येतोय?

---

जुनी_बांधणी

१९४८ ते १९८३, मधली तीन नाहीत. टेम्पो सोमवारी सकाळी. सहकाऱ्याला आत्ताच फोन केला, तो म्हणतो शनिवारी पोटमाळ्याची किल्ली त्याच्याकडे असते. प्राचार्यांचं पत्र मात्र लागेल, निर्लेखन झालेला माल असा उचलता येत नाही.

---

किहीमकर मास्तर

पत्राचा मसुदा मी करून देतो. शनिवारी मला सुट्टी आहे. गाडी आहे, पण मागची सीट आडवी करावी लागेल. छत्तीस वजा तीन खंड, किती किलो होतील?

---

पेठेतला पंडित

रद्दीवाल्याला विचारा. त्याने मोजलेत.